अंबानगरी नेमकी कोणती?

अंबाजोगाईच्या बाहेर बालाघाटाचे पठार एकाएकी तुटते आणि दरी सुरू होते. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी या दरीत आहे. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, कड्यांवरून पाणी उतरते आणि सहलीला आलेली मंडळी समाधीला हात जोडून पुढे जातात. पण ज्यांना शोधाची हौस आहे त्यांनी इथे थोडे थांबावे. मराठी वाङ्मयातले सर्वांत जुने कोडे याच दरीत बसले आहे.

मे २००० मध्ये अमेरिकेत जीपीएसच्या साहाय्याने लपवलेली डबी शोधण्याचा ‘जिओकॅशिंग’ हा खेळ सुरू झाला. त्यातल्या कोड्याच्या प्रकारात जाहीर केलेला पत्ता खरा नसतो. जुन्या नोंदी चाळायच्या, तारखा जुळवायच्या, मग खरे अक्षांश-रेखांश हाती लागतात. मुकुंदराजांनी आपल्या ‘विवेकसिंधू’ या ग्रंथात मागे ठेवलेल्या खुणा वाचताना या खेळाची आठवण होते.

पहिली खूण सालाची. ग्रंथ शके १११० मध्ये पूर्ण झाल्याचे त्यात सांगितले आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन ११८८ येते, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या १०२ वर्षे आधी. मुकुंदराजांना आद्यकवी म्हणतात ते या एका आकड्याच्या जोरावर.

दुसरी खूण राजाची: जैत्रपाळ. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून खोगिरावर बसेपर्यंतच्या वेळात ब्रह्म दाखवा, असा हट्ट या राजाने धरला आणि मुकुंदराजांनी तो पुरवला, अशी दंतकथा आहे. पण हा राजा कोण? देवगिरीच्या यादवांत जैत्रपाळ ऊर्फ जैतुगी होऊन गेला. मात्र तो गादीवर आला ११९१ च्या सुमारास, ग्रंथानंतर तीन वर्षांनी. दुसरे नाव पुढे येते ते आजच्या मध्य प्रदेशातल्या बैतूलजवळच्या खेरल्याच्या जैतपाळाचे.

तिसरी खूण सर्वांत अवघड. ग्रंथातली एक ओवी अंबानगरीचे नाव घेते आणि ती वैनगंगेच्या तीरावर असल्याचे सांगते. अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई म्हणावी, तर तिच्या आसपास वैनगंगा नाही. गावातून वाहते ती जयंती. वैनगंगा आहे विदर्भात, आणि तिच्या काठी, नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, अंभोरा नावाचे गाव आहे. नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ, आणि ‘विवेकसिंधू’ इथेच लिहिला गेला ही गावाची ठाम श्रद्धा. खेरल्याचा राजा खरा मानला तर अंभोऱ्याचे पारडे जड होते. समाधीची परंपरा मानली तर माणूस अंबाजोगाईला परततो. भाषेचे अभ्यासक आणखी एक अडचण पुढे करतात: हाती आलेल्या पोथ्यांची मराठी ‘ज्ञानेश्वरी’हून नवी वाटते. नकलाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या ती आपल्या बोलीप्रमाणे बदलत नेली, की ग्रंथच पुढच्या काळातला आहे?

या प्रश्नासाठी अंबाजोगाईच्या दगडांकडे वळावे. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याच्या नावाच्या देवळातला लेख शके ११६२ चा, म्हणजे १२४० चा आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला. त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारले. आठशे वर्षांपूर्वीच्या एका बहिणीचे दुःख तारखेसह वाचता येते, ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि हा लेख संस्कृतात आहे. ‘विवेकसिंधू’चे साल खरे धरले, तर त्यानंतर ५२ वर्षांनीही राजदरबारी माणसे दगडावर संस्कृत कोरत होती. त्या काळात वेदान्त मराठीत सांगायला बसणाऱ्याचे धाडस मग नीट कळते.

योगेश्वरीचे देऊळ, बाराखांबी, हत्तीखान्यातली लेणी हे सगळे पाहण्यासारखे आहेच. पण मराठीच्या वाचकाने दासोपंतांची पासोडी चुकवू नये. १५५१ ते १६१५ हा दासोपंतांचा काळ. ‘गीतार्णव’ हा गीतेवरचा त्यांचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. एवढे लिहून भागले नाही म्हणून की काय, त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढले. तीच पासोडी. इथे पाठभेदाचा, नकलाकाराचा प्रश्न उरत नाही; कवी, अक्षर आणि गाव एकाच कापडावर आहेत. मुकुंदराजांच्या हातचे असे एक वीतभर चिंधूक जरी मिळाले असते, तर अंभोरा आणि अंबाजोगाईचा वाद केव्हाच मिटला असता.

निजामाच्या राजवटीत गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे घोडदळाची छावणी होती. म्हणून जुने दस्तऐवज चाळणाऱ्याला अंबानगरीसोबत हेही नाव शोधावे लागते. कोडे सोडवायचेच असेल तर सुरुवात वाचनालयात करावी, मग खोलेश्वराचा लेख पाहावा आणि ऊन उतरल्यावर दरीकडे जावे. बालाघाट पाहून झाला की पुढचे तिकीट नागपूरचे काढावे. अंभोऱ्याच्या संगमावर उभे राहून अंबानगरीची ती ओवी पुन्हा एकदा वाचायची राहिलेली असते.