पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या
पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या हा महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेला लाकडी बाहुल्यांचा पारंपरिक कलाप्रकार आहे. चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या याच समाजाच्या दोन भगिनीकला होत. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ–मुरबाड भागातही ठाकर वस्ती आहे. बाहुल्यांची ही परंपरा मात्र दक्षिण कोकणातील आहे.

रचना व सादरीकरण

कळ आणि सूत्र, म्हणजे युक्ती आणि दोरी, यांवरून हे नाव पडले. बाहुली लाकडात कोरून रंगवतात व तिला कापडी पोशाख चढवतात. दोऱ्यांनी लटकलेल्या बाहुलीचा सारा भार खेळ संपेपर्यंत सूत्रधाराच्या हातावर असतो, त्यामुळे ती जड असून चालत नाही. (शेजारच्या सावंतवाडीत खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरतात.) चेहरा एकदा कोरला की कायमचा, राग, लाज, शोक हे सर्व मानेच्या कलण्यातून आणि हातांच्या हालचालींतून दाखवावे लागते. जपानच्या बुनराकू प्रकारात मुख्य पात्राच्या एका बाहुलीमागे तीन कलावंत असतात व दोऱ्या नसतात. येथे बोटांना बांधलेल्या दोऱ्यांवरच सर्व भिस्त. कथानके प्रामुख्याने रामायण-महाभारतातील असतात.

दोरीच्या बाहुल्या महाराष्ट्राला जुन्या काळापासून परिचित आहेत. ज्ञानेश्वरीत त्यांचे दृष्टान्त येतात. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता व देवळांतील उत्सवांत त्यांचे खेळ होत. आश्रय संपल्यावर आणि करमणुकीची नवी साधने आल्यावर खेळांची मागणी घटली. खेळ नसेल तर बाहुली कोरण्याचे कारणही उरत नाही. अनेक घरांनी अन्य व्यवसाय धरले.

परशुराम गंगावणे

परशुराम आत्माराम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. बाहुल्या घडवणे, जुन्या दुरुस्त करणे, खेळ करणे व नव्या पिढीला शिकवणे ही सर्व कामे त्यांनी केली. २००६ मध्ये स्वतःच्या गोठ्याचे रूपांतर करून त्यांनी 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभारले. तेथे बाहुल्या आणि चित्रकथीची जुनी चित्रे पाहावयास मिळतात, तसेच प्रयोगही होतात. बाहुली काचेआड ठेवली तर तिची अर्धी ओळखच हरवते, हे लक्षात घेता प्रयोगांची ही जोड महत्त्वाची ठरते. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर केला. संग्रहालयाच्या कामात त्यांचे कुटुंबीयही सहभागी आहेत.