अधू दृष्टी, उजळ स्वर

मार्गशीर्षातील पौर्णिमा म्हणजे श्रीदत्तजयंती. गतवर्षी या पर्वकाळी आटगावास कीर्तनसेवेचा योग आला. शहापूर तालुक्यातील, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. भाताची झोडणी आटोपलेली, माणसे जरा निवांत झालेली. सूर्यास्ताला जन्मकाळ झाला, पाळणा म्हटला गेला, सुंठवडा वाटला गेला. माझ्यामागे उभे राहून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा स्वच्छ स्वरात साथ करीत होता. आरती संपताच बाहेर फटाक्यांची माळ लागली आणि तो तिकडे धावला. मी त्याचा हात घट्ट धरला.

त्याची आजी जवळ येऊन म्हणाली, “बुवा, पोराचा गळा गोड आहे म्हणतात. पण गाण्यावर कुणाचा जन्म उभा राहतो का?”

मी म्हणालो, “आजी, बसा. मी याचा हात का धरला, ते आधी सांगतो.”

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर श्रीक्षेत्र नृसिंहवाडी आहे. तिच्या शेजारीच कुरुंदवाड. तेथे दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी दिगंबर गोपाळ पलुसकर या कीर्तनकारांच्या घरी एक पुत्र जन्मला. त्याचे नाव विष्णू. कीर्तनकाराच्या मुलास सूर आणि ताल निराळे शिकवावे लागत नाहीत. वडिलांच्या मागे उभे राहता राहताच ते अंगी मुरतात. परंतु दत्तजयंतीच्या उत्सवातच त्या बालकाच्या चेहऱ्याजवळ फटाका उडाला आणि त्याची दृष्टी कायमची अधू झाली. शालेय विद्येचा मार्ग खुंटला. ज्या घरात पोथी हेच धन, त्या घरावर कोसळलेला हा आघात केवढा असेल, याची कल्पना पोथीवरच जगणाऱ्या मजसारख्यास सहज करता येते.

मात्र कंठ शाबूत होता. मुलास मिरजेस पाठविण्यात आले. तेथे गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे ते थोर पुरुष. तो काळ गुरुगृही राहून विद्या मिळविण्याचा होता. शिष्याने गुरुसेवा करावी, तंबोरा जुळवावा, इतरांची तालीम ऐकावी आणि गुरुमुखातून जे पडेल ते शतवार घोटावे. हाताशी स्वरलिपीची वही नव्हती, आणि असती तरी या शिष्यास ती वाचणे सोपे नव्हते. जे काही साठवायचे ते स्मरणातच. अशी अनेक वर्षांची तपश्चर्या झाली.

विद्या आली, पण मान आला नाही. गायक म्हणजे संस्थानिकाच्या पदरचा आश्रित, अशीच त्या काळची दृष्टी होती. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले, पण प्रत्यक्ष गुरूंना आले नाही. कारण विचारता, ते तर केवळ गवई, असे उत्तर मिळाले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, ग्वाल्हेर अशी भ्रमंती केली. सौराष्ट्रात अल्प मूल्य ठेवून सर्वसामान्यांसाठी जाहीर जलसा केला. राजवाड्यात कोंडलेले गाणे असे लोकांच्या दारी आले.

पुढे दि. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाश्रयावर विसंबून न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ते चालविले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस होते! पं. विनायकराव पटवर्धन, पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर ही सारी त्यांचीच शिष्यमंडळी. दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच बुवांचा देह पडला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्याच्या परीक्षा आजही ठिकठिकाणच्या केंद्रांवर होतात.

आजी स्तब्ध होती. मग हळूच म्हणाली, “पण बुवा, इथं शिकवणार कोण?”

तिचा प्रश्न रास्त होता. गोड गळा ही ईश्वराची देणगी खरी. पण गुरूवाचून ती रानातल्या झऱ्यासारखी वाहून जाते. मी एवढेच सांगितले, की कल्याण आगगाडीने दूर नाही. आठवड्यातून एक दिवस मुलास तेथे न्यावे, जाणत्या गुरूपुढे बसवावे, आणि उरलेले सहा दिवस पहाटे देवापुढे त्याच्याकडून षड्ज लावून घ्यावा. प्रपंच चालेल की नाही, हे आज कोणी सांगू नये; पण विद्या वाया जात नाही, हे मात्र खास.

भाविकहो, उत्सव देवाचा असतो. त्यात एखाद्या लेकराचे डोळे जावेत, हे कोणत्याही देवतेस रुचणार नाही. यंदा जन्मकाळी दारूकामाचा खर्च वाचवून एखाद्या गुणी मुलास तंबोरा घेऊन द्यावा. श्रीगुरू दत्तात्रेयांस याहून प्रिय असा नैवेद्य मला तरी सुचत नाही.