कॅटलॉगमध्ये नसलेली स्टॅरियन

ड्रिफ्टिंगसाठी, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी सरकवत वळवण्यासाठी, जुनी जपानी गाडी घ्यायची म्हटली की टोयोटाची एई८६ आणि निसानची सिल्व्हिया ही दोन नावं ठरलेली. दोन्हींसाठी सस्पेन्शनपासून स्टिअरिंगच्या नकलपर्यंत सगळं तयार मिळतं. खोकं उघडायचं, बोल्ट आवळायचे आणि ट्रॅकवर जायचं. मित्सुबिशी स्टॅरियन घेणाऱ्याला ही सोय नाही. त्याला लेथ आणि वेल्डिंगवाल्याशी मैत्री करावी लागते.

तसं पाहिलं तर ड्रिफ्टला लागतं ते सगळं या गाडीत आहे. १९८२ ते १९८९ या काळात बनलेली ही कूपे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, टर्बो, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि वर उघडणारे हेडलाइट. ‘ड्रिफ्टिंगचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे कुनिमित्सु ताकाहाशी ऐंशीच्या दशकात जपानच्या ग्रुप ए शर्यतींत हीच गाडी चालवत. तरीही ड्रिफ्टवाल्यांनी ती उचलली नाही. एक तर ती एई८६पेक्षा बरीच जड. दुसरं म्हणजे मित्सुबिशीने पुढे आपली सगळी हुशारी फोर-व्हील ड्राइव्हवर लावली. १९९२ साली लॅन्सर इव्होल्यूशन आली आणि स्टॅरियनला वारस उरला नाही. गाड्या थोड्या म्हणून पार्ट बनवणारे थोडे, आणि पार्ट मिळत नाहीत म्हणून घेणारे त्याहून थोडे.

खरी परीक्षा स्टिअरिंगपाशी होते. सिल्व्हियाच्या बहुतेक पिढ्यांत रॅक-पिनियन स्टिअरिंग असतं. स्टॅरियनमध्ये जुन्या पद्धतीचा, आत गोळ्या फिरणारा स्टिअरिंग बॉक्स आहे. बॉक्सचा पिटमन आर्म मधला दांडा ढकलतो, दुसऱ्या बाजूला आयडलर आर्म तो पेलतो आणि दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात. आता, गाडी आडवी सरकत असताना पुढची चाकं उलट्या दिशेला खूप वळावी लागतात. मूळ गाडीत तेवढा वळण्याचा कोन नसतो. तो कमी पडला की गाडी गरकन फिरते.

उपाय असा, की नकलचा, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या भागाचा, टाय रॉडकडे जाणारा आर्म कापून आखूड करायचा आणि पुन्हा वेल्ड करायचा. मग बॉक्सच्या तेवढ्याच हालचालीत चाक जास्त वळतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. स्टिअरिंग जड होतं. कोन प्रमाणाबाहेर वाढवला तर टाय रॉड आणि आर्म एका रेषेत येतात आणि चाक टोकाला जाऊन अडकतं, परत फिरत नाही. म्हणून आधी गाडी स्टँडवर घेऊन हाताने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. टायर कुठे घासतो आणि ब्रेकची नळी कुठे ताणली जाते, ते पाहूनच वेल्डिंग पक्कं होतं. वेल्डमध्ये कसर राहिली तर तो भाग भर वेगात तुटू शकतो, त्यामुळे हे काम नवशिक्याच्या हाती देत नाहीत.

डिफरेन्शियलचं गणित त्यामानाने सोपं. साध्या डिफरेन्शियलमध्ये आतलं चाक हलकं झालं की तेच गरगरतं आणि जोर वाया जातो. स्वस्तातला इलाज म्हणजे आतले गिअर वेल्ड करून दोन्ही चाकं कायमची बांधून टाकणं. मात्र मग पार्किंगच्या वळणातही टायर ओरडतात. पैसे असतील तर क्लच-प्लेटवालं लिमिटेड-स्लिप. त्यातला टू-वे प्रकार अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडतानाही पकडतो, त्यामुळे पाय उचलला तरी मागची दोन्ही चाकं साथीने सरकतात.

इंजिनाच्या बाबतीत मात्र स्टॅरियनचं नशीब चांगलं. बहुतेक जपानी आणि युरोपीय गाड्यांत दोन लिटरचं ४जी६३ कुटुंबातलं टर्बो इंजिन होतं. ट्विन-कॅम, सोळा व्हॉल्व्हच्या रूपात तेच पुढे इव्होल्यूशनमध्ये गेलं. म्हणून बरेच जण निसानचं इंजिन न घेता इव्होचंच शोधतात. फक्त इव्होत ते आडवं बसतं, इथे उभं बसवावं लागतं. माउंट, तेलाचा संप, पाण्याच्या वाटा आणि एक्झॉस्ट सगळं नव्याने जमवावं लागतं. जाणकार ते जमवतानाच बॅलन्स शाफ्टही काढून टाकतात. थरथर वाढते, पण त्या शाफ्टचा पट्टा तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकण्याची भीती जाते.

जपानात रस्त्यावर चालवायची तर शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, चुकत नाही. सर्वसाधारण गाडीला ती दर दोन वर्षांनी होते आणि मोठे बदल वेगळे नोंदवून घ्यावे लागतात. शिवाय तेरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीवर कर वाढतो. त्यामुळे अनेकांची गाडी ट्रेलरवरूनच फुकुशिमातल्या एबिसु सर्किटला जाते.

नुसती बक्षिसं हवी असतील त्याने सिल्व्हियाच घ्यावी. वेळ, पैसा, मनस्ताप सगळंच वाचेल. स्टॅरियनवाल्याला स्पर्धेच्या दिवशी शेजारच्या पिटमधून पार्ट उसना मिळत नाही. पण तुटलेला भाग किती मापाचा होता, कोणत्या कारणाने तुटला आणि पुढच्या वेळी कुठे जाड करायचा, हे तो तिथल्या तिथे सांगू शकतो, कारण तो त्यानेच बनवलेला असतो.