चिनी वाचकांपुढें आलेल्या पाश्चात्य यंत्राकृति

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई येथील दासोपंतांची पासोडी आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. सुमारें ४० फूट लांबीच्या त्या वस्त्रावर पंचीकरणाचा विषय ओव्या व आकृति यांच्या जोडीनें मांडलेला आहे. ओव्या उतरून घेणें कष्टाचें असलें तरी शक्य आहे. परंतु कोणती ओवी कोणत्या आकृतीशीं बांधलेली आहे हा संबंध एकदां सुटला म्हणजे उरलेलें लिखाण अर्धें मुकें होतें. आकृतींच्या नकलेंत काय सुटतें व काय टिकतें हें पाहण्यास चीनमधील एक उदाहरण उपयोगी आहे, काळानेंही तें दासोपंतांच्या (इ. स. १५५१–१६१५) निकटचें आहे.

इ. स. १६२७ त पेकिंग येथें ‘छी-छी तु-श्वो’, म्हणजे अद्भुत यंत्रांचें सचित्र विवरण, हा ग्रंथ रचला गेला, व तो लांकडी ठशांनीं छापण्यांत आला. त्याचे कर्ते दोघे: गॅलिलिओ ज्या रोमच्या विद्वन्मंडळाचा सभासद होता त्याच मंडळांतला जेझुइट पाद्री योहान श्रेक, आणि शेन्सी प्रांतांतील अधिकारी वांग झेंग. निकोला त्रिगो या पाद्र्यानें युरोपांत हिंडून जमविलेल्या ग्रंथांतील यंत्रचित्रें पाहून वांग झेंगनें त्यांचें भाषांतर मागितलें. आधीं मापन, गणित व प्रमाण हीं शिकावीं, मग चित्रें समजतील, असें श्रेकनें त्यास बजाविलें. म्हणून ग्रंथाचे पहिले दोन भाग गुरुत्व, तराजू, तरफ, कप्पी, मळसूत्र यांचे असून यंत्रांचीं चित्रें तिसऱ्यांत आहेत. तीं बव्हंशीं रामेल्ली (१५८८), बेसों इत्यादिकांच्या ग्रंथांतून घेतलेलीं आहेत.

जें लोकांच्या नित्य उपयोगाचें नाहीं किंवा ज्यास फार खर्च लागेल, तें आपण गाळलें, असें वांग झेंगनें स्वतःच नमूद केलें आहे. तेव्हां चिनी चित्रांतील प्रत्येक उणीव अज्ञानाची समजणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. माणसांस चिनी पोषाख चढला, यानेंही कांहीं बिघडत नाहीं. खरी अडचण निराळी आहे. जमीन वा भिंत फोडल्याप्रमाणें दाखवून आंतील भाग उघडा करणें, किंवा एखादा सुटा भाग बाजूस काढणें, हे युरोपीय चित्रकारांचे संकेत होते. ते चिनी खोदकाराच्या परिचयाचे नव्हते, याकडे सॅम्युएल एजर्टन या कलेतिहासकारानें लक्ष वेधिलें आहे. रामेल्लीच्या फिरत्या पुस्तकचक्राचेंच पाहा. चक्र फिरत असतां त्यावरील पुस्तकांच्या फळ्या कलूं नयेत यासाठीं त्यांत दंतचक्रें योजिलेलीं आहेत, व तीं त्यानें मुद्दाम उघडीं करून काढिलीं आहेत. चिनी प्रतींत तीं मूळच्या स्पष्टतेनें उतरलीं नाहींत. आणि या यंत्राचें मर्म तर त्यांतच आहे!

वांग झेंग स्वतः मात्र सावध होता. १६२६ त त्रिगोनें चिनी उच्चार रोमन लिपींत दाखविणारा कोश काढिला, त्या कामीं यानें साह्य केलें होतें. तींच वीस रोमन अक्षरें त्यानें यंत्राकृतींत खुणेसाठीं योजिलीं व त्यांचे उच्चारही दिले. चित्राचा अमुक भाग म्हणजे विवरणांतील अमुक वाक्य, हा दुवा त्या अक्षरांनींच राखला जातो. आपल्याकडील ज्योतिषाच्या किंवा वास्तूच्या पोथीची याद करतांना पानें व ग्रंथसंख्या टिपतात. आकृति किती व त्यांतील खुणेचीं अक्षरें कोणतीं, हेंही टिपावें. नकलेची पिढी ओळखण्यास त्यासारखें साधन नाहीं.

पुढें १७२६–२८ त बादशाही ज्ञानकोश छापला, तेव्हां हीं चित्रें पुन्हा खोदलीं गेलीं व त्यांतील यंत्ररचना आणखी संदिग्ध झाली. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत छिएनलुंग बादशहाच्या ग्रंथसंग्रहांत या पुस्तकास स्थान मिळालें. संपादकांनीं त्यांतील शास्त्रविषयक प्रौढी फोल ठरविली. यंत्ररचनेचें कौशल्य व लोकांच्या जीवनास तिचा उपयोग, एवढ्यासाठीं ग्रंथ ठेवला. श्रेकनें ज्या शास्त्राशिवाय चित्रें समजणार नाहींत असें बजाविलें होतें, त्याचीच थोरवी त्यांस पोकळ वाटली.