अर्धा आटा

सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, शेवटी बालाघाटाची चढण. गाडी १,९४८ सीसीची जुनी टाटा सफारी, आत सात माणसं, कॅरियरवर बोचकी. घाट लागला की गाडी ओढत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, "टर्बो जरा टाइट करून घ्या."

काम तसं किरकोळ. दहाच्या पान्याने वेस्टगेटच्या दांडीचा लॉकनट सैल करायचा, दांडी अर्धा आटा आखूड करायची, नट पुन्हा आवळायचा. दांडी हलते जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण तेवढ्याने स्प्रिंगवर ताण वाढतो, जादा धूर बाहेर सोडणारं झाकण उशिरा उघडतं आणि तो धूर टर्बोच्या चक्राला आणखी फिरवतो.

मीटरवरचा आकडाही गरीबच दिसतो. टर्बोचा दाब समजा १२ पौंड. टायरात आपण ३० ची हवा मारतो, तिच्या निम्मासुद्धा नाही. १२ चे १५ केले तर काय बिघडलं?

ते पुढच्या आकड्यांवरून कळतं. चक्राचा व्यास समजा ५ सेंटिमीटर, मुठीत मावेल एवढा. चढणीवर ते मिनिटाला १,२०,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २,०००. कडेचा वेग ताशी सुमारे १,१३० किलोमीटर. आवाजाचा वेग याहून फार पुढे नाही. त्या वेगात कडेचा एक ग्रॅमचा तुकडा ४०० किलोच्या ताकदीने बाहेर ओढला जातो. आणि हे गणित वर्गाचं आहे: फेरे दहा टक्क्यांनी वाढले की ओढ २१ टक्क्यांनी वाढते. हे सगळं फिरतं ते केसाहून पातळ तेलाच्या थरावर.

तासाभराच्या प्रवासात मिनिटाला सरासरी एक लाख फेरे धरले, तरी गाडी ४५ किलोमीटर जाते तेवढ्यात चक्राची कड ९४० किलोमीटर फिरलेली असते. म्हणजे ७०१ किलोमीटरचा अख्खा समृद्धी महामार्ग संपवून, परतीची एक तृतीयांश वाटही कापून झाली.

श्वासाचा हिशेब मला जास्त आवडतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर हे इंजिन टर्बोशिवाय साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बोसकट चार हजारांवर. माणूस मिनिटाला सात लिटरच्या आसपास घेतो. गाडीत बसलेले सात, बॉनेटखाली श्वास घेणारे पावणेसहाशे! (हे निवांत बसलेल्यांचं सांगतोय, कोजागिरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांचा हिशेब वेगळा.)

हवा दाबली की तापतेही. बाहेर ४० अंश असताना १२ पौंडांवर ती सव्वाशे अंशांच्या पुढे जाते, उकळत्या पाण्याहून गरम. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, सगळी नाही. शिवाय नुसत्या हवेने डिझेल गाडीची ताकद वाढत नाही, म्हणून लोक पंपाचा स्क्रूही पिळतात. डिझेल जास्त झालं की मागे काळा धूर, पुढे धुराचं तापमान ७०० अंशांच्या वर. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. जुन्या गाडीत मी आधी रबरी पायपाची गळती, एअर फिल्टर आणि क्लिपा बघेन. पान्याला हात त्यानंतर.

वर पार्किंगमध्ये "आई राजा उदे उदे" म्हणत सगळे उतरतात. ड्रायव्हर मात्र इंजिन मिनिटभर चालूच ठेवतो. लगेच चावी फिरवली तर तेल थांबेल, चक्र थांबणार नाही. बाहेरून हाका सुरू होतात, "अहो, चला ना!" तो काच खाली करून म्हणतो, "तुम्ही व्हा पुढं."