थंड ऊबपेटी आणि तिची सांभाळणूक

रात्री दही विरजताना घरातली बाई काय करते ते आठवून पाहा. पौष-माघात ती विरजलेले भांडे फडक्यात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवते. चैत्र-वैशाखात तेच भांडे माठाशेजारी, गार फरशीवर जाते. थंडीत तिला धास्ती असते ती दही लागणार नाही याची; उन्हाळ्यात, ते सकाळपर्यंत आंबून जाईल याची. दूध तेच, विरजण तेच. फरक काय तो उबेचा. जंतू किती वेगाने वाढतील हे उष्णतामान ठरवते, एवढी एक गोष्ट ध्यानात धरली की या विषयाची किल्ली तुमच्या हाती आली असे समजा.

प्रयोगशाळेत हे उबेचे काम एक कपाट करते. त्याला ऊबपेटी किंवा इन्क्युबेटर म्हणतात. साध्या ऊबपेटीत विजेची तार तापते आणि आतली हवा ऊबदार राहते. पण तिला तापवण्यापलीकडे काही येत नाही. बाहेर जळगाव-अकोल्याकडचा मे महिना असावा, खोलीत ४० अंश सेल्सियस असावेत आणि आपल्याला पेटीत २७ अंश हवे असावेत, तर ती बिचारी काय करणार? म्हणून दुसऱ्या जातीच्या पेटीत तापणाऱ्या तारेच्या जोडीला थंड करणारे यंत्रही बसवतात, घरच्या फ्रीजला असते तसलेच, कॉम्प्रेसरचे. आत एक पंखा हवा खेळती ठेवतो आणि एक संवेदक उष्णतामानावर पहारा करतो. गरम झाले की कॉम्प्रेसर, गार झाले की तार, असा कारभार रात्रंदिवस चालू राहतो. हीच थंड ऊबपेटी. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तिला सर्रास बीओडी इन्क्युबेटर म्हणतात.

आता हे बीओडी म्हणजे काय? ओढ्यात मळीचे पाणी किंवा गावचे सांडपाणी उतरले की त्यातली घाण जंतू खाऊ लागतात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपत आला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि मग पालथे पडतात. नदीकाठच्या माणसाला हे दृश्य वर्णन करून सांगायला नको. ती घाण खाण्यासाठी जंतूंना किती प्राणवायू लागतो ते मोजले, की पाणी किती दूषित आहे हे आकड्यात सांगता येते. हा आकडा म्हणजे बीओडी. त्यासाठी नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतात. घाण फार असेल तर आधी चांगल्या पाण्यात पातळ करून घेतात. एकही बुडबुडा राहू न देता बूच बसवतात आणि बाटली ठरलेल्या उष्णतामानावर अंधारात ठेवतात. अंधार अशासाठी, की उजेड मिळाला तर पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करू लागेल आणि हिशेब बिघडेल. प्रारंभी व अखेरीस प्राणवायू मोजायचा. मधली तूट जंतूंनी खाल्ली असे धरायचे.

ही पद्धत १९१२ साली ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने मांडली तेव्हा पाच दिवस आणि ६५ अंश फॅरनहाइट असा नियम होता. तिकडच्या उन्हाळ्यातल्या नद्यांना तो शोभणारा होता. पुढे जगात २० अंश सेल्सियस आणि पाच दिवस हे रूढ झाले. पण आपल्या नद्या कुठल्या २० अंशांच्या! भारतीय मानकाने २७ अंश आणि तीन दिवस स्वीकारले आहेत. ऊब जास्त, म्हणून काम लवकर उरकते, दह्याचाच न्याय. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला या पद्धतीने सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम.

इथे खरी मेख आहे. उष्णतामान एक अंशाने चढले की या जंतूंच्या कामाचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. पेटीच्या दारावर २७ दिसत असावेत आणि बाटलीतले पाणी मात्र ३१ अंशांवर असावे, तर वेग जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जास्त होतो. अशा वेळी मर्यादेतला नमुना मर्यादेबाहेर गेलेला दिसेल. उलट पेटी २३ वर रेंगाळली, तर दोषी सांडपाणी निर्दोष सुटेल. गाव आणि कारखाना यांच्यातला तंटा ज्या आकड्यावर तुटायचा, तो आकडा या कपाटाच्या पोटात तयार होत असतो. म्हणून ऊबपेटी सुरक्षित चालवणे यात मी आधी हे धरतो, की तिने खोटे बोलू नये. शॉक आणि आग यांचा धोका चालवणाऱ्याला. खोट्या आकड्याचा धोका सगळ्या गावाला.

दारावरचा आकडा असतो तो संवेदकाभोवतीच्या हवेचा. बाटलीतल्या पाण्याचा नव्हे. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. पाण्याने भरलेली एक बाटली आणि तिच्यात बुडवलेला खात्रीचा थर्मामीटर असा जोड वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर एकेक रात्र ठेवून पाहा. कुठे किती फरक पडतो ते कळेल. थर्मामीटर पाऱ्याचा नको. फुटला तर पारा कानाकोपऱ्यात जातो आणि त्याची वाफ विषारी असते. मग एक बाटली कायमची आत ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ तिचा आकडा वहीत मांडावा. बीओडीला एका अंशापेक्षा जास्त हेलकावा चालत नाही. फळ्या खच्चून भरू नयेत आणि त्यांवर कागद अंथरू नये, नाहीतर पंख्याची हवा अडते. पेटीच्या मागे व बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडावी. कॉम्प्रेसर आतली उष्णता बाहेर फेकतो. ती भिंतीशी कोंडली तर फेकायची कुठे?

विजेबद्दल. जोडणी तीन पिनांची आणि अर्थिंग चांगले असलेली असावी. वाटेतल्या लांब वायरी, एका प्लगवर तीन उपकरणे, हे प्रकार नकोत. दाराला हात लावताच मुंगी चावल्यासारखे झाले तर बटण बंद, प्लग बाहेर, आणि जाणकार येईपर्यंत पेटीला हात नाही. पावसाळ्यात दमट हवेतले पाणी आतल्या थंड भागावर दवासारखे धरते व नळीवाटे खालच्या थाळीत उतरते. नळी तुंबली की ते जमिनीवर येते, आणि ओली जमीन व वीज यांचे नाते शेतातल्या पंपामुळे तुम्हाला ठाऊक आहेच.

वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. बंद पेटी बराच वेळ आपले उष्णतामान धरून ठेवते. गेल्याची व आल्याची वेळ वहीत लिहावी. आल्याबरोबर कॉम्प्रेसर सुरू करू नये. तीन ते पाच मिनिटे थांबावे, कारण नळ्यांतला दाब समान होण्याआधी मोटार ढकलली तर ती अडते, तापते आणि जळते. नव्या पेट्यांत ही थांबण्याची सोय आपोआप असते. जिथे व्होल्टेज वरखाली होते तिथे स्टॅबिलायझर हवाच. मधल्या काळात पाणी हद्दीबाहेर गेले असेल तर तो नमुना रद्द. माझ्या मते, ‘चालून जाईल’ हा शब्द प्रयोगशाळेच्या दारावरच ठेवावा.

आणखी एक चौकशी पेटी घेतानाच करा. संवेदक बिघडला आणि तार तापतच राहिली तर तिला तोडणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट आहे का? पुष्कळ पेट्यांत तो असतो, पण वर्षानुवर्षे कोणी त्याची परीक्षा घेत नाही.

आगीचा विषय लोकांना पटत नाही. थंड कपाटात आग कशी लागेल, असे ते विचारतात. पण शुद्ध अल्कोहोलची वाफ सुमारे १३ अंशांपासूनच ठिणगीला पेट घेण्याजोगी होते, आणि ईथरची तर शून्याच्याही खूप खाली. साध्या पेटीत दिवा, बटणे, पंखा यांपैकी कुठेही बारीकशी ठिणगी पडू शकते. बंद कपाटात साचलेली वाफ आणि एक ठिणगी, मग दार उडायला वेळ लागत नाही. तेव्हा स्पिरिट, ईथर, ॲसिटोन, पेट्रोल यांतले काहीही आत ठेवू नये. आतला भाग स्पिरिटने पुसायचा तर प्लग काढून पुसावा आणि दार उघडे ठेवून पुरता वाळू द्यावा. आजकालच्या काही पेट्यांत थंड करणारा वायू आयसोब्युटेन असतो. तो ज्वालाग्राही आहे, म्हणून साचलेला बर्फ सुरीने खरवडू नये.

आता गुरुजींसाठी. शाळेत अशी पेटी बहुधा नसते. पण पेट्री बशी मिळते, आणि वर्गखोली असते. मुले बशीत जंतू वाढवून पाहतात, छान प्रयोग आहे. मात्र आपल्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश. माणसाला आजारी पाडणारे कितीतरी जंतू याच उबेला माजतात. एप्रिलमध्ये खिडकीत ठेवलेली बशी ३७ अंशांना सहज पोचते. म्हणजे ती खिडकीच रोगजंतूंची ऊबपेटी झाली! शाळेच्या प्रयोगाला २० ते २५ अंश पुरेत. थंड ऊबपेटीचा खरा उपकार हाच, की ती मुलांना नको त्या जंतूंपासून चार पावले दूर ठेवते. पेटी नसेल तर हा प्रयोग थंडीत करावा, उन्हाळ्यात करू नये. नमुना दह्याचा किंवा हवेचा घ्यावा. घसा, जखम, शौचालय यांचा कधीही नाही. बशीचे झाकण चार ठिकाणी चिकटपट्टीने बांधावे, पण सगळीकडून बंद करू नये, नाहीतर प्राणवायूवाचून वाढणाऱ्या जंतूंना आमंत्रण मिळते. बशी उलटी ठेवावी, म्हणजे झाकणावरचे पाणी वाढीवर ठिबकणार नाही. आणि झाकण पुन्हा उघडायचे नाही. पाहायचे ते बाहेरून.

पिण्याच्या पाण्याची काळी पडणारी बाटली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी ती चाचणी जगापुढे मांडली. पाण्यात विष्ठेचे प्रदूषण असले की हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन ते काळे पडते. हिला मात्र ३० ते ३७ अंशांची ऊब लागते, बीओडीची २७ अंशांची नव्हे. एकाच पेटीत दोन्ही चाचण्या बसत नाहीत, हे ध्यानात असावे. काळ्या बाटलीत विहिरीतल्यापेक्षा कितीतरी पट जंतू वाढलेले असतात. ती मोरीत ओतली तर शोधलेला रोग आपणच पसरवला असे होईल.

म्हणून असल्या बाटल्या व बशा टाकण्याआधी मारून घ्याव्या लागतात. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह असतो. शाळेत त्यासाठी राखलेला प्रेशर कुकर चालेल. १५ पौंडांच्या दाबाला आत सुमारे १२१ अंश होतात, तिथे अर्धा तास ठेवावे. बाटल्यांची बुचे आधी सैल करावीत. तो कुकर स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. किंवा ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणात रात्रभर बुडवावे. पण ते द्रावण कुकरमध्ये घालू नये, क्लोरीन सुटतो.

पेटीत डबा, ताक, फळे ठेवलेली काही ठिकाणी दिसतात. फ्रीजसारखी दिसते म्हणून! फ्रीज जंतूंना थोपवतो, ऊबपेटी त्यांना पोसते.

मोठ्या सुटीत पेटी रिकामी करून, प्लग काढून, आतून कोरडी पुसून घ्यावी आणि दार बोटभर उघडे राहील अशी फळीची खुंटी लावून ठेवावी. बंद ठेवलीत तर जूनमध्ये उघडताना बुरशीच तुमचे स्वागत करील.