शिंकांचा माग

पडसे आले की थंड पाण्यास, दह्यास किंवा पावसात भिजण्यास दोष द्यावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत. परंतु साधे पडसे विषाणूंमुळे येते व बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. ज्याचे नाक महिनोन्महिने पाण्यासारखे वाहते, ज्याला सकाळी उठताच शिंकांवर शिंका येतात, नाक-डोळे खाजतात, पण ताप मात्र नसतो, त्याच्या दुखण्याचे कारण बहुधा निराळे असते.

ते कसे शोधावे, याचा धडा मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅक्ली यांनी घालून दिला. प्रतिवर्षी उन्हाळ्यात ते स्वतःच शिंकांनी हैराण होत. एकेका संशयिताची त्यांनी स्वतःवरच परीक्षा घेतली. त्वचेवर ओरखडा काढून गवताचे पराग लावताच तेथे सूज आली. चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाबरोबर चढवून त्यांनी उंच हवेतील परागही पकडले. १८७३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि खरा अपराधी उजेडात आला. पुढे १९०६ साली व्हिएन्नाचे डॉ. फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द योजला. निरुपद्रवी कणांसच शरीर शत्रू समजते व हिस्टॅमिन नावाचे द्रव्य सोडते. त्यामुळे नाक वाहू लागते.

मलनाडाच्या उंबरठ्यावरील आमच्या कलघटगीत संशयितांस तोटा नाही. पावसाळ्यात ओल्या भिंतींवरील बुरशी, गादी-उशीतील डोळ्यांस न दिसणारे धुळीचे किडे, गुरामांजरांच्या अंगावरील कोंडा, मळणीची धूळ. शिवाय पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आलेले व पुढे देशभर फोफावलेले गाजरगवत. चुलीचा धूर या त्रासात भर घालतो.

यांतील आपला अपराधी कोणता? विद्यार्थी मित्रहो, त्यासाठी एक वही पुरे. शिंका केव्हा, कोठे व काय करताना आल्या, हे तीन-चार आठवडे रोज टिपावे. अंथरुणातून उठताच त्रास होत असेल तर गादीवर संशय घ्यावा. केर काढताना होत असेल तर धुळीवर. ठराविक ऋतूतच होत असेल तर परागांवर किंवा बुरशीवर. मग ती वही डॉक्टरांना दाखवावी. जरूर वाटल्यास ते त्वचेवर चाचणी करवितात. तिचे मूळ ब्लॅक्ली यांच्या त्या ओरखड्यातच आहे. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर मात्र वहीसाठी न थांबता त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

वर्गात सतत नाक पुसणाऱ्या मुलास आपण हसतो. पण त्याची झोप मोडलेली असते, अभ्यासात चित्त लागत नसते. त्यास हसण्यापेक्षा कारण शोधण्यास साह्य करणे, हेच खऱ्या सोबत्याचे कर्तव्य होय.